जुलैचा चेक

बयो, काल तू पाठवलेली एक्सेलची शीट मी तीनदा उघडली. पहिल्यांदा कौतुकाने, दुसऱ्यांदा चष्मा लावून आणि तिसऱ्यांदा पहाटे साडेचारला, झोप उडाली म्हणून. व्हिडिओ कॉलवर काही बोलले नाही, कारण जावईबापू तुझ्या खांद्यावरून डोकावत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर बुर्ज खलिफाचे दिवे आधीच लागलेले दिसत होते. असल्या वेळी बहिणीने तोंड उघडलं की ती पनवती ठरते. म्हणून हे लिहून पाठवतेय. तू एकटी असताना वाच.

दुबईला जाऊ नकोस असं म्हणणार नाहीये मी. तुझ्या पुरणपोळ्या डोंबिवलीत मावत नाहीत हे मलाही दिसतंय. पण त्या शीटमध्ये 'दुकानभाडं : दरमहा १०,००० दिरहम' अशा तू बारा महिन्यांच्या बारा ओळी मांडल्या आहेस ना, तिथे माझं बोट थांबलं. अगं, दुबईत दुकानाचं भाडं दरमहा नसतंच. ते वर्षाचं ठरतं आणि करार करतानाच पुढच्या तारखांचे चेक सह्या करून मालकाच्या हातात द्यावे लागतात. कोणी चार घेतो, कोणी दोन, एखादा खमक्या मालक एकच मागतो. म्हणजे तुझा धंदा सुरू व्हायच्या आधी वर्षभराची देणी तारखांसकट दुसऱ्याच्या तिजोरीत जाऊन बसलेली असतात. तुझ्या शीटमध्ये महिने आहेत, तारखा नाहीत.

मी दुबईच्या करामा भागात दुकान घेतलं ते २०१७च्या ऑक्टोबरमध्ये. वर्षाचे एक लाख वीस हजार दिरहम, तीस-तीस हजारांचे चार चेक : ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल, जुलै. तेव्हा दिरहम साडेसतरा-अठरा रुपयांना होता, म्हणजे एकेक चेक सव्वापाच लाखांचा. पहिला चेक वटला तेव्हा दुकानात ओटासुद्धा नव्हता. स्वयंपाकघराचा नकाशा आधी म्युनिसिपालिटीकडून पास करून घ्यायचा, मग ग्रीस ट्रॅप, मग धूर बाहेर काढायचा डक्ट, मग आगीच्या बंदोबस्तासाठी सिव्हिल डिफेन्सची परवानगी. काम करणाऱ्या प्रत्येकाचं आरोग्यकार्ड, आणि अन्नसुरक्षेची परीक्षा दिलेला एक जबाबदार माणूस कायम हजर हवा. ती परीक्षा मीच दिली, वयाच्या चाळिशीत. पास झाले त्या रात्री तुझ्या भाऊजींनी आइस्क्रीम आणलं होतं. ते एक बरं आठवतं.

पहिली थाळी विकली ती जानेवारी २०१८मध्ये. तीन महिन्यांचं भाडं निव्वळ भिंतींना दिलं. डागडुजीच्या काळाचं भाडं माफ करून मागता येतं आणि बरेच मालक देतातही, हे मला नंतर शेजारच्या केरळी दुकानदाराने सांगितलं. तू मात्र आधी माग. करारात लिहून घे. तोंडी 'इन्शाल्ला'वर विसंबू नकोस.

आणि मुहूर्त बघ कसा! त्याच १ जानेवारीला तिथे व्हॅट सुरू झाला. पाच टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तिथे पाटीवरची किंमत करासकटच लिहावी लागते. माझी थाळी अठरा दिरहमची. समोरच्याचीही अठराची. त्याने वाढवली नाही, मग मी कशी वाढवू? थाळीमागे साधारण ८५ फिल्स माझ्याच पदरातून सरकारला जाऊ लागले. वर्षाची विक्री पावणेचार लाख दिरहमच्या पुढे गेली की नोंदणी सक्तीची, आणि एवढी विक्री झाली नाही तर भाडंच निघत नाही. म्हणजे पळवाट नाही. आता त्यात २०२३पासून कंपनीकरही आलाय. नफा पावणेचार लाख दिरहमपर्यंत असेल तर शून्य, त्यावर नऊ टक्के. तुझ्यासारखीला तो भरावा लागणार नाही कदाचित, पण नोंदणी करावीच लागते, आणि उशीर झाला तर दंड दहा हजार दिरहम. नफा शून्य, दंड दहा हजार! तेव्हा तिथला हिशेबनीस पहिल्या दिवसापासून बांध. आपल्या डोंबिवलीच्या काकांकडून ते होणार नाही.

आता जुलैचा चेक.

२०१८मध्ये रमजान मेच्या मध्यावर लागला आणि जूनच्या मध्याला संपला. तेव्हा दिवसा खानावळींना पडदे लावून, परवानगी काढून धंदा करावा लागे, दुपारची गर्दी साफ बसली. (हा पडद्याचा नियम दुबईने २०२१मध्ये काढून टाकला, आणि रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे तुझं गणित वेगळं असेल.) ईद झाली, मी म्हटलं, आता उचल खाईल. तर शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली. माझं सगळं गिऱ्हाईक मराठी, गुजराती, थोडं कोकणी. सगळे बायकापोरांसह मुंबईच्या विमानात. मागे उरले एकटे राहिलेले नवरे. ते आठवडाभर येतात, मग मॅगी खातात. बाहेर पंचेचाळीस अंश, रस्त्यावर चिटपाखरू नाही. नव्वद थाळ्यांवरून मी तीसवर आले. आणि त्या तीस थाळ्यांच्या महिन्यात तीस हजारांचा चेक दारात उभा.

तो चेक भाऊजींच्या मुदतठेवीतून भरला. साडेपाच लाख. तेव्हा मला वाटलं, एकदाच तर आहे. पुढच्या जुलैलाही तसंच वाटलं.

म्हणून तू जागा बघायला जाशील तेव्हा भाडं कमी करण्यासाठी घासाघीस कर, पण त्याहून जास्त तारखांसाठी कर. नोव्हेंबर ते मार्च तिथे धंद्याचे दिवस. मोठे चेक त्यात बसव. जुलै-ऑगस्टमध्ये एकही येऊ देऊ नकोस, त्यासाठी भाडं थोडं जास्त द्यावं लागलं तरी दे. करार कुठल्या महिन्यात सुरू करायचा हे हॉटेलच्या नावापेक्षा महत्त्वाचं आहे. आणि नावावरून तुम्ही दोघं तीन आठवडे भांडताय, असं मावशी म्हणाली.

चेकची भीती का एवढी, ते सांगते. माझ्या वेळी खात्यात पैसे नसताना चेक परत जाणं हा तिथे फौजदारी मामला होता, तक्रार थेट पोलिसांत जायची. २ जानेवारी २०२२पासून कायदा बदललाय. निव्वळ शिल्लक नाही म्हणून बहुतेक वेळा गुन्हा होत नाही. एजंट लोक हेच हसत हसत सांगतात. पुढचं सांगत नाहीत. आता न वटलेला चेक घेऊन मालक वसुलीसाठी सरळ अंमलबजावणी न्यायाधीशापुढे जाऊ शकतो, निराळा दावा लावायची गरज नाही. खातं गोठतं, देश सोडायला बंदी येऊ शकते. आई इकडे आजारी आहे आणि तू विमानतळावरून परत पाठवली जातेस, असं चित्र डोळ्यांपुढे आण आणि मग सही कर.

माझी खरी चूक मात्र चेकची नव्हतीच. ती मला खूप उशिरा कळली. आम्ही सगळं एका खुंटीला टांगलं होतं. दुकानाच्या लायसन्सवर माझं नाव, त्यावरच माझा व्हिसा, माझ्या व्हिसावर भाऊजींचा आणि आमच्या चिन्मयचा. व्हिसा आहे म्हणून बँकेत खातं, घराचा करार, फोन, गाडी, चिन्मयची शाळा. इथे डोंबिवलीत तुझं पोळीभाजी केंद्र उद्या बंद पडलं तर तू रडशील, चार दिवस झोपशील, मग उठून नोकरी बघशील. घर जागेवर असतं, पोरं शाळेत जातात, रेशनकार्ड कोणी काढून घेत नाही. तिथे दुकान बंद पडलं की लायसन्स रद्द, लायसन्स गेलं की व्हिसा, आणि मग पोराचं शाळेचं वर्ष अर्धवट. त्यामुळे माणूस दुकान बंदच करत नाही. तोट्यात चालवत राहतो. दर वर्षी लायसन्सचं नूतनीकरण भरतो, कारण ते आता धंद्याचे पैसे नसतात, राहण्याचे पैसे होऊन बसतात. दुसऱ्या वर्षाअखेर माझं डोकं मला सांगत होतं, बंद कर. पण चिन्मयची नववी होती. मी आणखी एक वर्ष काढलं. ते एक वर्ष मला चौदा लाखांना पडलं.

म्हणून जावईबापूंच्या राजीनाम्याचं ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. दोघांनी एकदम उडी मारायची नाही. त्यांना आधी तिथे नोकरी शोधू दे. महिना चार हजार दिरहम पगार, किंवा तीन हजार आणि राहायची सोय, एवढं असलं की त्यांना बायको-मुलांचा व्हिसा आपल्या नावावर काढता येतो. तेवढ्या पगारात घर चालणार नाही हे उघड आहे, पण पोरं आणि घर एका खुंटीला, दुकान दुसऱ्या. ते नसेल जमत तर पहिलं वर्ष तू एकटी जा. त्यांनी इथली नोकरी आणि पोरं सांभाळावीत. लोक बोलतील. मावशीच आधी बोलेल. बोलू दे.

पुण्यात कुठल्याशा हॉटेलात 'दुबईत तुमची कंपनी' असा कार्यक्रम झाला, तिथून तुला ते स्वस्त लायसन्सचं पत्रक मिळालंय ना? ते फ्री झोनचं आहे. सल्लागाराला, निर्यातवाल्याला ठीक. त्या कागदावर करामात दुकान थाटून पोळ्या विकता येत नाहीत. तुला मेनलँडचं लायसन्स लागेल. एक बरं झालंय, माझ्या वेळी मेनलँडच्या कंपनीत ५१ टक्के स्थानिक माणसाच्या नावावर असावे लागत, त्याला दर वर्षी मानधन द्यावं लागे आणि धंद्याचा मोठा वाटा कागदोपत्री त्याचाच दिसे. जून २०२१पासून बहुतेक धंद्यांत शंभर टक्के मालकी परदेशी माणसाला मिळते. ती धाकधूक तुला नाही. आणि घरी चोरून डबे करून सुरुवात करायची, असं जे कोणी सुचवलंय तुला, त्याचा नंबर ब्लॉक कर.

'की-मनी' हा शब्द तुझ्या शीटमध्ये नाही. वर्दळीची जागा हवी असेल तर आधीचा भाडेकरू ती सोडण्याचे पैसे मागतो. मी ऐंशी हजार दिरहम दिले. मनात म्हटलं, जाताना मीही पुढच्याकडून घेईन. गेले ते २०२०मध्ये. तेव्हा की-मनी द्यायला कोण रांगेत उभं असणार होतं? डक्ट, फरश्या, ओटा, चिमणी, सगळं मालकाच्या भिंतीला चिकटलेलं, ते तिथेच राहिलं. मोठा फ्रीज तेवढा विकला. तेव्हा जे भिंतीत जातं ते बुडालं असंच पहिल्या दिवशी धरून चाल. वीज-पाण्याची अनामत मात्र परत मिळाली. तिथल्या त्या सरकारी खात्याला 'डेवा' म्हणतात, सासूबाईंना ते 'देवा' ऐकू यायचं. बिल आलं की त्या हात जोडायच्या, आणि आकडा बघून मीही.

कामगारांचं विसरलीस तू. चार माणसं लिहिलीस, पगार लिहिलास. प्रत्येकाचा व्हिसा, आरोग्यविमा तुझ्या डोक्यावर. वर्षाला २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी ग्रॅच्युइटी साठत जाते, पाच वर्षांनंतर ३० दिवसांची. ती कोणी महिन्याला मागत नाही, म्हणून नसल्यासारखी वाटते. दुकान बंद करताना एकदम उभी राहते. आणि डबे घरपोच देणाऱ्या ॲपवाल्यांचं कमिशन तू दहा टक्के धरलंयस! बिलाचा चौथा हिस्सा धर, मग हिशेब पुन्हा कर, मग बघ पुरणपोळी कितीला पडते.

आता इकडचा गुंता. भांडवल ५० लाख लिहिलंयस. छान. परदेशी पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, त्यात तू आरामात बसतेस. पण वर्षाला दहा लाखांच्या वर जे पाठवशील त्यावर बँक वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. म्हणजे चाळीस लाखांवर आठ लाख. पन्नास लाख तिकडे पोहोचवायला हातात अठ्ठावन्न हवेत. ते आठ लाख बुडत नाहीत, विवरणपत्र भरल्यावर करात वळते होतात किंवा परत येतात. पण कधी? तुझा दुसरा चेक लागून गेल्यावर. यावर उपाय साधा आहे. दहा लाखांची सूट माणशी आहे आणि आर्थिक वर्षागणिक आहे. थोडे मार्चमध्ये, थोडे एप्रिलमध्ये, दोघांच्या आपापल्या खात्यांतून, सीएला विचारून. आणि पैसे पाठवताना कारण खरं लिही. बँकेतला पोरगा म्हणेल, 'मॅडम, नातेवाइकांच्या खर्चासाठी असं टाका, लवकर होईल.' अजिबात नाही. स्वतःच्या कंपनीत भांडवल घालायचं तर त्याचा वेगळा फॉर्म असतो, नोंदणीचा क्रमांक मिळतो आणि पुढे दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत अहवाल द्यावा लागतो. तो क्रमांक नसेल तर उद्या पैसे परत आणताना तूच चोर ठरशील. हवालावाल्याची गोष्ट तर काढूच नकोस. मीना बाजारात कोणी ना कोणी चहा पाजून सुचवेलच.

तिकडे राहायला गेलीस की इथली बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासींची, करून घे. आणि आरोग्यविमा चालू ठेव. हे ठळक लिही. मी बंद केला होता, तिथे विमा आहे मग दोन-दोन हप्ते कशाला, म्हणून. परत आले तेव्हा मला शुगर लागलेली होती, आणि नव्या पॉलिसीत आधीच्या आजारासाठी काही वर्षं थांबा. वर्षाचे पंचवीस हजार वाचवायला गेले होते.

तू धनंजय दातारांची मुलाखत पाठवलीस. मीही जाण्याआधी पाहिली होती. विदर्भातून आलेल्या बाप-लेकांचं ते लहानसं किराणा दुकान, १९८४ सालचं, आणि आजचे मसाला किंग. कष्ट खरेच. पण बयो, मी करामात होते त्या तीन वर्षांत आमच्या गल्लीत सहा खानावळी बंद पडल्या. त्यांची मुलाखत कोणी घेतली नाही. त्यातली एक माझी.

एप्रिल २०२०मध्ये दुबईत चोवीस तास घरबंदी होती, बाहेर पडायला परवाना लागे. त्या महिन्यातला चेक मालकाने दोन महिने पुढे ढकलला, त्याचे उपकार आहेत. पण मग जूनमध्ये तो आणि जुलैचा लागोपाठ आले. रुपया घसरून दिरहम वीसच्या पुढे गेला होता. तेच तीस हजार आता सहा लाखांच्या वर. कमाई दिरहममध्ये असेल तर घसरता रुपया गोड लागतो, भर मात्र घरून घालायची वेळ आली की तोच रुपया जीव घेतो. जुलैच्या चेकसाठी आईच्या पाटल्या मोडल्या. इथे, डोंबिवलीत, भावाच्या हातून. आई कधीच काही बोलली नाही. दिवाळीत हात लपवून फराळ वाढत होती, ते मी व्हिडिओवर पाहिलं.

लोक विचारतात, किती बुडाले? मी म्हणते, सगळे मिळून साठएक लाख. ते खरं दुखत नाही. दुखतं हे, की पंचवीसवर थांबता आलं असतं. थांबायचं कुठे हे आम्ही ठरवलंच नव्हतं. आणि चालू धंद्यात ते ठरवता येत नाही, कारण दर वेळी पुढचा महिना बरा वाटत असतो.

तर तुझ्या शीटमध्ये तळाला एक ओळ वाढव. एवढे गेले की कुलूप, मग नोव्हेंबर असो की पोराची दहावी. त्या आकड्यात घर, तुझे दागिने, जावईबापूंचा पीएफ आणि मावशीची ठेव येता कामा नये. जानेवारीत परत यायला लागलं तर सहा महिने घर चालेल एवढे पैसे इथे, तुझ्या एकटीच्या खात्यात, वेगळे. दोघांनी मिळून तो आकडा कागदावर लिहा, सह्या करा आणि जायच्या आधी मावशीच्या हातात द्या. मला नको, मी पाघळेन. १९९३ साली तुमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी नेलेले चारशे रुपये अजून परत आले नाहीत हे ती दर गणपतीत सांगते. आकडे तिच्याकडे राहतात.